मागची काच

घर हलवताना आईवडील पुढच्या काचेतून बघतात, मुलं मागच्या. रस्ता तोच. मोठ्यांकडे तो येत असतो, मुलांपासून तो जात असतो.

कोयनानगर सोडलं की लगेच हेळवाक. इथे रस्त्याला दोन तोंडं आहेत. पश्चिमेला कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, पूर्वेला पाटणवरून कराड. नदीही इथेच वळते. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना डोंगरांच्या रांगेतून दक्षिणेला सरळ येते, हेळवाकपाशी पूर्वेकडे तोंड फिरवते आणि कराडला कृष्णेला मिळते. धरण झालं तेव्हा तिला तिसरी वाट फोडली गेली. डोंगराच्या पोटातून पाणी पश्चिमेला पोफळीकडे उतरू लागलं, वीज करून वाशिष्ठीला आणि तिथून समुद्राला मिळू लागलं. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी, असा पाणीवाटपाच्या लवादाचा हिशेब आहे. एका नदीच्या दोन दिशा झाल्या. तिच्या काठच्या माणसांच्या किती झाल्या, याचा हिशेब कोणत्या लवादापुढे आला नाही.

कोयनानगर हे बिऱ्हाडांचं गाव. पन्नासच्या दशकात काम सुरू झालं तेव्हा अभियंते, ओव्हरसियर, कारकून, फिटर, वायरमन, मास्तर, कंपाउंडर अशी माणसं कुठून कुठून आली. कितीतरी जणांची लग्नं नुकती झालेली, मुलं कडेवरची. क्वार्टर मिळालं, चूल मांडली, आणि पावसाळा लागला. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस. देशावरून आलेल्या बायकांनी तो पहिल्यांदाच पाहिला. कपडे वाळायचे निखाऱ्यांवर. १९६२ साली पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून वीज वाहू लागली. मग पुढचे टप्पे आले, अलोऱ्याची वसाहत झाली, आणि टप्पा बदलला की बदली ठरलेली. एकाच दाराच्या चौकटीवर वेगवेगळ्या घरांतल्या मुलांच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा, हे सरकारी वसाहतीचं दप्तर. ते कुणी जपून ठेवत नाही. पुढचा रंग बसला की ते संपतं.

ज्या रस्त्याने एका घराची पेटी वर आली, त्याच रस्त्याने धरणाने उठवलेल्या दुसऱ्या घराचं जातं खाली गेलं.

सामान मोजता येतं म्हणून माणसं सामानाची यादी करतात.

आता ट्रकच्या जोडीला घरची गाडी असते. मोठं सामान टेम्पोत जातं आणि टेम्पोवाल्याच्या भरवशावर जे टाकवत नाही ते गाडीत येतं. देव, दागिने, शाळा सोडल्याचे दाखले, औषधांचा डबा, लोणच्याची बरणी, तुळशीची कुंडी, आणि मुलं. कुठल्याही घराला खरं मौल्यवान काय वाटतं हे त्याच्या गाडीत डोकावून कळतं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, साडेचारच्या आधी, कोयनानगरची जमीन हलली. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, हजारो घरं पडली. त्या पहाटे घर सोडताना यादी करायला कुणाला उसंत नव्हती. लोकांनी मुलं उचलली. मुलं हातात आल्यावर मग म्हाताऱ्यांना हाका मारल्या. इथली जमीन अजून अधूनमधून हलते, आणि इथे वाढलेल्या माणसाला भांडी किणकिणली की आधी मूल कुठे आहे ते बघायची सवय असते. परगावी गेल्यावरही ती सुटत नाही.

तीन वर्षांच्या मुलाचं घर म्हणजे माणसं. सात वर्षांच्याचं घर म्हणजे जागा. बारा वर्षांच्याचं घर म्हणजे मित्र. तिघं एकाच सीटवर बसलेली असतात आणि तिघांचं वेगवेगळं काही मागे राहिलेलं असतं. धाकटं मजेत असतं. मधलं प्रश्न विचारत असतं. थोरलं बोलत नाही, आणि आईवडील समजतात की ते शहाणं झालं.

मुलांना आधी सांगावं. किती आधी, हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे. माझं उत्तर असं की, मोठ्यांचं ठरल्याबरोबर सांगावं. मुलाला निर्णयात मत नसलं तरी बातमीत वाटा हवा. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटतं तसं घर उलटू नये. ज्या झाडावर तो चढायचा, ज्या दुकानदाराने त्याला उधारीवर लिमलेटची गोळी दिली, ज्या कुत्र्याला तो पोळी टाकायचा, त्या सगळ्यांचा निरोप त्याला त्याच्या चालीने घेऊ द्यावा. मोठी माणसं निरोपाला चहापाणी ठेवतात. मुलांचे निरोप अंगणात उभ्याउभ्या होतात आणि त्यांना वेळ लागतो.

शेजारीण हातावर दही घालते. आजी ओटी भरते, आणि ओटीतला नारळ सुनेच्या पदरात टाकताना नातवाकडे बघत नाही. बघितलं तर निघणं लांबेल, हे तिला ठाऊक असतं.

लहान मुलं घेऊन निघालेल्याने मुक्कामाचं गाव ठरवावं, पोचायची वेळ ठरवू नये. वेळ ठरली की मूल अडचण होतं. मग त्याला शू लागणं, त्याला मळमळणं, त्याला भूक लागणं या गोष्टी उशिराची कारणं होतात. बाप गाडी हाकत असतो आणि दर थांब्याला थोडा थोडा रागावत जातो. हा राग मुलाला कळतो. आपल्यामुळे घर वेळेवर पोचत नाही असं त्याला वाटू देणं हा त्या प्रवासातला मोठा अपघात आहे, आणि त्याची नोंद कुठल्याही पोलीस चौकीत होत नाही.

दुसरा अपघात नोंदवला जातो. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांचं खास आसन लागतं, नाहीतर हजार रुपये दंड. आपल्याकडे मूल आईच्या मांडीवर असतं, आणि पुढच्या सीटवर असतं, कारण तिथे हवा लागते आणि उलटी होत नाही. आईचे हात मुलाला मायेने धरू शकतात, धडकेत धरू शकत नाहीत. हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. घाटमाथ्यावरून उतरणाऱ्या प्रत्येक गाडीत ते आसन असावं, एवढंच मनापासून वाटतं. तुळशीच्या कुंडीला आपण चारी बाजूंनी उशा लावतो.

कराडला रस्ता मोठा होतो. डावीकडे पुणे, उजवीकडे कोल्हापूर आणि पुढे बंगळूर. पुण्याकडे वळणाऱ्या गाड्या पाटण तालुक्याने फार पाहिल्या. खोऱ्यातल्या घराघरातला कुणी ना कुणी मुंबईला गेलेला, गिरणीत नाहीतर पाठीवर ओझं वाहायला. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच पाटण तालुक्यातले. पण मुंबईला पुरुष जायचा, घर इथेच राहायचं. बायको भात लावायची, मुलं इथल्या शाळेत जायची, मनिऑर्डर यायची. अख्खं घर उचलून उजवीकडे वळणं ही गोष्ट वेगळी. तिच्यात पाठीमागे दिवा लावायला कुणी उरत नाही.

निपाणीच्या अलीकडे कोगनोळीला राज्य बदलतं. मोठ्यांना तो टोलनाका वाटतो. नुकतंच वाचायला शिकलेलं मूल मात्र इतका वेळ रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत आलेलं असतं. पेठ. कागल. चहा. पंक्चर. आणि थोड्याच अंतरात त्याला वाचता येईनासं होतं. त्याला वाटतं आपण विसरलो. ते बापाला विचारतं, आणि बापालाही वाचता येत नसतं. बेळगावात मराठी अक्षरं पुन्हा दिसतात, मूल पुन्हा ओरडून वाचतं, आणि धारवाडच्या पुढे ती जवळजवळ संपतात. होसूरला पोचेपर्यंत दुसरी लिपी जाऊन तिसरी आलेली असते.

वडिलांना एखादी गोष्ट येत नाही, हे मुलाने पहिल्यांदा बघणं: घर हललं ते त्या क्षणी. गाडी सुरू झाली तेव्हा नव्हे.

आणि त्यातच एक भलंही आहे. बाप गाडीची काच खाली करतो, हातवारे करून रस्ता विचारतो, समोरचा माणूस त्याच्या भाषेत सांगतो, दोघांना निम्मं कळतं आणि गाडी बरोबर वळते. मुलाने हे एकदा पाहिलं की त्याला परक्या गावाची भीती कमी वाटते. न येणाऱ्या भाषेत माणसाशी नीट बोलणारा बाप मुलाला पुष्कळ शिकवून जातो.

विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, तसंच साताऱ्यातल्या खटाव आणि माण भागातल्या गलाईवाल्यांना हा रस्ता पाठ आहे. गलाई म्हणजे जुनं सोनंचांदी वितळवून, तेजाबात टाकून, हीण काढून शुद्ध धातू वेगळा करणं. केरळपासून आसामपर्यंत जवळपास प्रत्येक सराफकट्ट्याच्या मागच्या गल्लीत या दुष्काळी पट्ट्यातल्या कुणाचं तरी दुकान सापडतं. आधी एक जण काकाच्या नाहीतर मामाच्या दुकानात कामाला जातो, मग स्वतःचं दुकान टाकतो, मग लग्न होतं, आणि मग एका उन्हाळ्यात बायको आणि तान्हं मूल घेऊन गाडी निघते. मूल गल्लीत तमिळ नाहीतर मल्याळम बोलतं, घरात माणदेशी. भट्टीजवळ जायचं नाही, हे त्याला दोन्ही भाषांत सांगावं लागतं.

दरवर्षी ही माणसं परत येतात. खरसुंडीच्या सिद्धनाथाला, रेणावीच्या रेवणसिद्धाला, गावच्या जत्रेला. गाडीच्या मागच्या काचेवर कुलदैवताचं नाव लिहिलेलं असतं. सेलमच्या पुढे कुठल्याशा ढाब्यावर सांगलीची एमएच १० किंवा कराडची एमएच ५० दिसली की अनोळखी माणूस उठून येतो आणि गाव विचारतो. गाव सांगितलं की आडनाव विचारतो. आडनाव सांगितलं की पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवतो. माझ्या मते महाराष्ट्राचा सगळ्यात जिव्हाळ्याचा नकाशा या वाहनक्रमांकांचा आहे.

गावात त्यांनी बांधलेली घरं बघावीत. दुमजली, रंगवलेली, पुढे ऐसपैस ओटा. वर्षातून पंधरावीस दिवस उघडतात. ही उधळपट्टी आहे असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. बंद घर हे मुलांसाठी बांधलेलं असतं. वर्गात कुणी विचारलं, तुझं गाव कुठलं, तर त्याला तिथल्या दाराचा रंग सांगता यावा म्हणून. २०२० च्या मे महिन्यात त्या घरांचा अर्थ सगळ्यांना समजला. दुकानं बंद पडली, काचेला ई-पास चिकटवून पोरंबाळं घेऊन गाड्या निघाल्या, गावच्या शाळेत चौदा दिवस काढले आणि मग स्वतःच्या दाराची कडी काढली. भीती होती, कुजबुज होती, काही ठिकाणी वादही झाले. तरी जायला जागा होती.

गाडी परराज्यात बारा महिन्यांवर ठेवली की कायद्याने नवा क्रमांक घ्यावा लागतो. जुन्या कार्यालयाचं ना-हरकत पत्र आणावं लागतं. मुलाच्या बोलीला ना-हरकत लागत नाही. ती बारा महिन्यांच्या आत बदलते.

इथे मला जरा थांबावं लागतं, कारण गलाईवाल्यांचं गाव सोडणं आणि कोयनेच्या खोऱ्यातल्यांचं गाव सोडणं या दोन गोष्टी एकाच पाण्याने बांधल्या आहेत. माणदेशातल्यांना पाणी नव्हतं म्हणून जावं लागलं. १९७२ च्या दुष्काळाने तर कितीतरी घरं एकदम बाहेर काढली. कोयनेकाठच्यांना पाणी आलं म्हणून जावं लागलं. आज धरणातून सोडलेलं पाणी कृष्णेत येतं, कराडजवळ टेंभूला पंपांनी उचललं जातं आणि टप्प्याटप्प्याने खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, थेट सांगोल्यापर्यंत पोचतं. ज्यांच्या वाडवडिलांनी पाण्यावाचून गाव सोडलं त्यांच्या बंद घरांपुढून आता कालवा जातो. ते पाणी जिथे साठतं तिथे तळाशी दुसऱ्यांची घरं आहेत.

शंभराच्या आसपास गावं. नऊ हजारांच्या आसपास कुटुंबं. शिवसागर जलाशय खोऱ्यात खूप आत पसरला, तापोळ्यापर्यंत आणि पुढे. कुणी सोलापूर जिल्ह्यात गेलं, कुणी सांगलीत, कुणी ठाणे, रायगड, रत्नागिरीत. नाचणी आणि भात खाणारी माणसं काळ्या रानात ज्वारीपुढे जाऊन बसली. अंगावर सतत पाऊस झेललेल्या मुलांनी तिथे पहिल्यांदा आभाळाकडे टक लावून वाट बघणारी माणसं पाहिली. त्यांचे आईवडीलही तरुणच होते. त्यांच्याही कडेवर मुलं होती. त्यांच्या सामानाची यादी वेगळी होती: जातं, नांगर, बियाणं, गाईगुरं, आणि देवळातला देव. देव उचलताना कुणी पुढे व्हायचं यावर गावोगावी खल झाला असेल. अशी गोष्ट कुणी पूर्वी केलेली नव्हती.

महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली आला. कोयनेची गावं त्याच्या पंधराएक वर्षं आधीच उठली होती. कायदा ज्यांच्या दुःखातून शिकला, त्यांच्या वाट्याला तो आला नाही.

काहींनी लांब जायला नकार दिला आणि डोंगरात वर सरकले. त्यांच्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. तापोळा, बामणोली या बाजूला लाँच हीच त्यांची एसटी झाली. आजारी माणूस लाँचमधून, नवरी लाँचमधून, शाळेचं पोरही लाँचमधून. १९८५ साली अभयारण्य झालं, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. पाण्याने वर ढकललेल्या काही वस्त्यांना मग जंगलासाठीही उठावं लागलं. वाघ हवा, जंगल हवं, वीजही हवी; हे सगळं मलाही हवंच आहे. पण एकाच घराने ते पुन्हा पुन्हा का द्यावं, याचं उत्तर मला माझ्या मुलांना देता येत नाही.

२०१८ साली श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली धरणग्रस्त कोयनानगरला ठिय्या देऊन बसले. गाव सोडलं तेव्हा जे कडेवर होते ते आता म्हातारे झाले होते, आणि त्यांच्या हातात नातवंडांचे हात होते. मागणी जमिनीची होती. गाव सोडताना ज्यांना काही कळत नव्हतं त्या मुलांना आयुष्यभर तेवढीच एक गोष्ट कळत राहिली, की आपलं येणं बाकी आहे.

गलाईवाल्याच्या मुलात आणि धरणग्रस्ताच्या मुलात मला दिसणारा फरक हा. पहिल्याला अंतर पार करावं लागतं. दुसऱ्याच्या वाटेला शेवट नाही. हेळवाकपर्यंत रस्ता आहे, धरणापर्यंत आहे, त्यापुढे पाणी. त्या मुलाला जत्रेला यायचं तर कुठे यायचं? उन्हाळ्यात पाणी उतरतं, काठ उघडा पडतो, गाळ दिसतो. काही म्हातारी माणसं तेव्हा येऊन उभी राहतात आणि बोट दाखवून सांगतात, तिथं, त्या वळणावर. नातवंडं त्या दिशेला बघतात. त्यांना पाणीच दिसतं, आणि आजोबांना खोटं कसं म्हणायचं म्हणून ती मान हलवतात.

म्हणून मी तरुण आईबापांना सांगतो की, जमलं तर गाडीने जा. विमानाने गेलेल्या मुलाला दोन घरं मिळतात, पण त्यांच्यामध्ये काही मिळत नाही. रात्रीच्या रेल्वेत ते झोपतं आणि उठतं तेव्हा सगळं बदललेलं असतं. गाडीत मात्र माती हळूहळू बदलते. तांबडी जाते, काळी येते, काळी जाऊन पुन्हा तांबडी येते. ऊस संपतो, मका लागतो, दगडांच्या टेकड्या येतात, मग नारळ. मुलाला बदलाचा सांधा दिसतो. दोन्ही घरं एकाच जमिनीवर आहेत आणि मधला प्रत्येक मैल आपल्या डोळ्यांखालून गेला आहे, हे त्याच्या अंगात मुरतं. सगळ्यांना हे परवडत नाही, हे मी जाणतो. पैसा लागतो, रजा लागते, बापाची पाठ लागते. ज्यांना परवडतं त्यांनी ते वेळेचा अपव्यय समजू नये.

पाटणच्या वर वनकुसवड्याचं पठार आहे. पवनचक्क्या आल्यावर तालुक्यातली काही तरुण पोरं त्यांची देखभाल शिकली. हे काम शिकलेल्याला वारा जिथे आहे तिथे नोकरी असते. तशी वाऱ्याची एक मोठी जागा आहे तमिळनाडूत, कन्याकुमारी जिल्ह्यात, मुप्पंदल. कोयनानगरहून चौदाशे किलोमीटरच्या आसपास. कराड, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगिरी, चित्रदुर्ग, तुमकूर, बंगळूर, होसूर, सेलम, मदुराई, तिरुनेलवेली. हा प्रवास लहान मुलं घेऊन तीन दिवसांत होतो, चार घेतले तर सुखाने होतो. नकाशा उघडून बघितला तर एक गोष्ट ध्यानात येते. हा सगळा रस्ता पश्चिम घाटाच्या पूर्वेने, त्याला कधी जवळ तर कधी लांब ठेवून जातो. वनकुसवड्याला वारा ज्या रांगेवर आदळतो तीच रांग खाली दक्षिणेला जाते आणि मुप्पंदलच्या खिंडीपाशी संपत येते. त्या खिंडीतून वारा घुसतो म्हणून तिथे चक्क्या आहेत. म्हणजे डोंगर तोच. अशा घरातल्या मुलाला सांगायला बापापाशी खरीखुरी गोष्ट असते: आपण डोंगर सोडला नाही, त्याच्या दुसऱ्या टोकाला आलो.

सगळ्यांपाशी अशी गोष्ट नसते. तेव्हा निदान गावांची नावं तरी द्यावीत. थांबलो तिथलं नाव, चहा प्यायलो तिथलं नाव, उलटी झाली तिथलंही. मुलं नावं ओळीने लावतात आणि मग उलट्या ओळीने म्हणतात. उलटं म्हणायला त्यांना फार आवडतं. नव्या गावी पहिल्या रात्री, पंख्याचा आवाज अनोळखी असतो तेव्हा, असं म्हणता म्हणता ती झोपलेली मी पाहिली आहेत.

नव्या घरात आधी मुलांचं अंथरूण लावावं. मोठी माणसं आधी गॅस जोडतात, मग देव मांडतात, मग खोकी रचतात. ओळखीची गोधडी, ओळखीची उशी, दिव्याच्या त्याच बाजूला तेच डोकं. एवढं झालं की मूल उरलेलं घर स्वतः शोधून काढतं. दुसऱ्या दिवशी कोनाडा न् कोनाडा त्याला ठाऊक असतो, आणि आई अजून चहाचा डबा शोधत असते.

आणि जुन्या गावाची तक्रार मुलांपुढे करू नये. तिथे काही मिळालं नाही, रस्ते नव्हते, शाळा बरी नव्हती, हे खरंही असेल. मोठी माणसं स्वतःच्या निर्णयाला टेकू म्हणून ते बोलतात. मुलाच्या कानाला ते असं लागतं की, जिथे मी सुखी होतो ती जागा वाईट होती.

मला एक मागायचं आहे. कोयनानगरला येणाऱ्या रस्त्यावर धरणाची, उद्यानाची, धबधब्यांची नावं पाट्यांवर असतात. येणाऱ्याला ती लागतात, ती असावीत. त्यांच्या शेजारी बुडालेल्या गावांच्या नावांचा एक फलक हवा. नुसती नावं नकोत. प्रत्येक नावापुढे ते गाव आज कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या तालुक्यात, कुठल्या नावाने वसलं आहे आणि ते इथून किती किलोमीटर आहे, हेही हवं. सोलापूरकडून गाडी घेऊन आलेल्या एखाद्या बापाला तो फलक पोरांना वाचून दाखवता येईल, आपलं गाव कुठल्या ओळीत आहे ते त्यावर बोट ठेवून सांगता येईल. फलक बांधकाम खात्याने लावायचा की जलसंपदा खात्याने, हे त्यांनी आपसात ठरवावं. गावांची यादी नव्याने करावी लागणार नाही. मोबदला देताना ती गावनिहायच केलेली आहे.